एमजी टीडीचं आतलं काम: प्लाय, रेक्झिन आणि दोन्ही प्रकारच्या चुका

गाडी एमजी टीडी, १९५२ सालची, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. १९४९ ते १९५३ या काळात तिथून अशा २९,६६४ गाड्या बाहेर पडल्या. त्यातली एक आमच्या डिचोलीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत एका खाणवाल्याकडून ती जुनी म्हणून घेतली. लोक नेहमी विचारतात, पोर्तुगिजांच्या गोव्यात आलेली गाडी, मग स्टीअरिंग उजवीकडे कसं? पोर्तुगाल १९२८ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूला गेलं, गोवा मात्र डावीकडेच राहिला. म्हणून.

इंजिन चालू आहे, त्याबद्दल इथे एक अक्षरही नाही. सीट, पायाखालच्या फळ्या, दारांची आतली पॅनेलं, डॅशबोर्ड आणि कार्पेट, एवढंच. नोकरी सांभाळून घरच्या घरी हे कुणी करणार असेल तर माझे पैसे आणि रविवार कुठे गेले ते त्याला कळावं.

१४ एप्रिल २०२४, रविवार

पाडवा झाला, कामाला हात घातला. आतलं सगळं बाहेर काढायला साडेपाच तास लागले. अंदाज दीड तासाचा होता.

पहिल्या दहा मिनिटांतच ठिणगी. या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या बरोबर उलट. मी सवयीने ऋण टोकाचा नट सैल करायला घेतला आणि पाना बॉडीला टेकला. पान्याच्या तोंडाचा तुकडा उडाला, मी वाचलो. बॉडीला जोडलेली तार आधी काढायची, मग ती धन असो की ऋण.

बरेचसे बोल्ट मिलिमीटरच्या पान्यांना दाद देत नाहीत. १३चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि डोकं गोल करून टाकतो. व्हिटवर्थ मापाचे चार पाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या लोखंडात मिळाले, ₹४५०.

प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घातले आणि आत कागदाची चिठ्ठी टाकली. याबद्दल स्वतःवर फार खूश होतो. पुढे वाचा.

२१ एप्रिल, रविवार

या गाडीत पायाखाली पत्रा नसतो, प्लायच्या फळ्या असतात. बॉडीच्या सांगाड्यातही लाकूड असतं. डावी फळी उचलली तर हातात फक्त रंगाचा पापुद्रा आला. वाळवीने मधलं सगळं नेलं होतं आणि वरचा थर आमच्यासाठी ठेवला होता. एवढी वर्षं आपण कशावर पाय ठेवून बसत होतो, कोण जाणे.

उजव्या फळीच्या धड तुकड्याची जाडी मोजली, १२ मिमी भरली. तेवढ्याच जाडीचं मरीन प्लाय आणलं, आठ बाय चारचा एक ताव, ₹३,३५०. जुनी फळी वर ठेवून पेन्सिलीने आखलं, कापलं, गाडीत ठेवलं. मागच्या बाजूला ८ मिमी फट. जुन्या फळीची कडच वाळवीने खाल्ली होती आणि मी ती खाल्लेली कड इमानेइतबारे नव्या प्लायवर उतरवली होती.

आता आधी मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे जोडून गाडीतच माप घेतो, मग प्लायला करवत लावतो. अर्धा ताव फुकट गेला. उरलेल्या अर्ध्यात दोन्ही फळ्या जेमतेम बसल्या.

कडांना इपॉक्सीचे दोन हात दिले. मरीन प्लाय असलं तरी पाणी शिरतं ते कडेतूनच. आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत.

५ मे, रविवार

प्रवाशाच्या दाराच्या चौकटीची खालची पट्टी सडली होती. मूळ लाकूड ॲश, ते इथे कुठून आणणार? घरात जुन्या दाराचा सागवानी तुकडा होता, तोच तासून घेतला. सांधा फेव्हिकॉलने जोडला, रात्रभर शिकंजा लावला. सकाळी शिकंजा काढला आणि दार एकदा लावून पाहिलं तर सांधा अलगद सुटून हातात आला, फेव्हिकॉलची साय एका बाजूला तशीच्या तशी.

सुतार हसला. सागात तेल असतं. जोडण्याआधी थिनरने पुसायचं आणि लगेच जोडायचं, दुसऱ्या दिवशी नाही, कारण तेल पुन्हा वर येतं. तसं केलं, या वेळी इपॉक्सीने. आता सुटत नाही. दोन रविवार.

२६ मे, रविवार

सीट उघडली. टीडीला बसायच्या उश्या दोन आणि टेकायची पाठ मात्र दोघांना मिळून एकच. सगळ्यात वर तपकिरी रेक्झिन. बाबांच्या आठवणीत ते १९७६च्या सुमाराला बसवलेलं. त्याच्या खाली काळं मेणकापड. त्याच्याही खाली, पाठीच्या अगदी तळाशी, जिथे ऊन कधी पोहोचलंच नाही, तिथे चार बोटं रुंद मूळ चामडं शिल्लक होतं, बिस्किटी रंगाचं. आम्ही जन्मभर ही गाडी आतून तपकिरी समजत होतो.

काळं मेणकापड आणि मूळ चामडं यांच्या मध्ये एक नाणं सापडलं, एक एस्कुदो, १९५८. गोव्यात रुपया-तांगा जाऊन एस्कुदो आले ते त्याच सुमाराला. म्हणजे मेणकापड १९५८ नंतर चढवलेलं, मूळ चामडं जेमतेम सहा-सात वर्षं टिकलं असणार. कारण नाण्याच्या शेजारीच होतं: लोखंडी चुकांची, म्हणजे चामडं लाकडाला ठोकायच्या बारीक खिळ्यांची, रांग, आणि प्रत्येक चुकेभोवती गंजाचा तपकिरी डाग, डागाच्या मधोमध कुजलेलं भोक. चामडं झिजून गेलं नाही, चुकांपाशी कुजून गेलं.

हे सगळं डोळ्यांनी पाहून, फोटो काढून, मी पुढच्या महिन्यात लोखंडी चुकाच वापरल्या. का, ते विचारू नका. डब्यात होत्या.

उश्यांच्या स्प्रिंगांपैकी सात मोडल्या होत्या. सोफेवाल्याकडून तेवढ्याच उंचीच्या आणल्या, ₹७००.

९ जून, रविवार

पाऊस लागला. मुंबईला गेलो होतो तेव्हा धारावीतून बिस्किटी चामडं आणलं होतं, ४६ चौरस फूट, ₹१३०ने ₹५,९८०. पुढच्या भागाला चामडं, कडांना आणि मागे त्याच रंगाचं रेक्झिन.

उशीच्या वरच्या भागावर उभ्या फुगीर पट्ट्या असतात. चामड्याखाली पातळ फोम आणि त्याखाली मांजरपाट ठेवून समांतर शिलाया मारल्या की पट्ट्या उठतात. उशी १९ इंच रुंद. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी अर्धा अर्धा इंच धरून मी २० इंच चामडं कापलं. दहा पट्ट्या. शिवून झाल्यावर टेप लावली तर १८ इंच.

हिशेब अगदी साधा आहे आणि कापण्याआधी करायचा असतो. फुगीर पट्टी सपाट नसते, वर चढून खाली उतरते, आणि त्यात साधारण ५ मिमी जास्त चामडं जातं. दहा पट्ट्यांचे ५० मिमी झाले, म्हणजे दोन इंच. नेमके तेच माझे दोन इंच. आधी स्वस्त रेक्झिनच्या तुकड्यावर तीन पट्ट्या शिवून पाहिल्या असत्या तर ₹४० गेले असते. गेले ते नऊशे. फसलेला तुकडा टाकला नाही, दाराच्या खिशाला लागेल.

१६ जून, रविवार

वरचं सगळं मी घरच्या पायमशीनवर शिवत होतो. १८ नंबरची सुई, जाड नायलॉनचा दोरा. पातळ जागी ठीक चाललं. जिथे चामडं, रेक्झिन आणि मधल्या गोटाचे चार थर आले तिथे मशीन टाके सोडायला लागलं, मग सुई मोडली, मग दुसरी मोडली आणि जाताना खालचा हूक वाकवून गेली. मशीन आईचं. घरात दोन दिवस अबोला.

सगळं गाठोडं उचलून म्हापशाला टॅक्सीच्या आणि बसच्या सीटा शिवणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांच्या मशीनचा पायच कापडाबरोबर पुढे चालतो, त्यामुळे वरचा थर मागे राहत नाही. त्यांनी माझी एक शिलाई हातात घेतली, दोन्ही अंगठे लावले आणि टर्रकन फाडली. पोस्टाच्या तिकिटासारखी, भोकाभोकावरून. मी टाके बारीक मारले होते, बारीक म्हणजे मजबूत असं समजून. चामड्यात टाका ४ मिमीच्या आसपासच हवा, त्याहून बारीक टाका म्हणजे फाडायची सोय.

दोन्ही उश्या आणि पाठ त्यांनी शिवून दिली, मजुरी ₹४,५००. मी बाजूला बसून गोट कापून देत होतो. उशीत स्प्रिंगांवर किती फोम घालू म्हणून विचारलं. ते म्हणाले, एक इंच. मला ते कमी वाटलं. दारांची पॅनेलं पुढच्या आठवड्यात चिकटवतो म्हणालो, तर मान न उचलता म्हणाले, ‘‘पावसांत सोल्युशन धरना मरे. दसऱ्याउपरांत कर.’’

२३ जून, रविवार

कव्हरं उश्यांवर चढवली. चालकाच्या उशीत दोन इंच फोम, ४० डेन्सिटीचा. फोम पाणी पिऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळला. बसलो की कुणीतरी कुरमुरे चावतंय असा आवाज. सगळं परत उघडून कागद काढला. तोवर प्रवाशाच्या उशीसाठी आणलेल्या फोमचा तुकडा मांजराने आपलासा केला होता, म्हणून तिथे उरलेला एक इंची लावला. चुका अर्थात डब्यातल्या, लोखंडी.

बाबा म्हणाले, नव्या चामड्याला खोबरेल तेल लाव, मऊ राहतं. लावलं. चांगलं घसघशीत लावलं.

७ जुलै, रविवार

मिस्त्रींचं ऐकलं नाही. पाऊस पडतोय, बाहेर जाता येत नाही, तर तेवढ्यात पॅनेलं उरकू, असा विचार.

पॅनेलाला ३ मिमी हार्डबोर्ड. रेक्झिनच्या पाठीला आणि बोर्डाला दोन्हीकडे रबर सोल्युशन लावलं, फेव्हिकॉल एसआर ९९८, जुन्या हॅक्सॉच्या पात्याने पसरवलं. एरवी दहा-पंधरा मिनिटांत ते सुकतं, बोट लावलं तर चिकटत नाही, मग दोन्ही बाजू एकमेकींवर दाबायच्या. इथे वीस मिनिटांनी पाहतो तर चमक गेलेली आणि वर पांढुरका धूसर थर, थंडीत काचेवर उमटतो तसा. मी तो फडक्याने पुसला आणि दाबून टाकलं. चिकटलं! संध्याकाळपर्यंत दोन्ही पॅनेलं दारांवर, खिसेसुद्धा. फसलेल्या तुकड्याचा खिसा सगळ्यात देखणा झालाय.

२१ जुलै

काही नाही. पाऊस. शेडमध्ये पाणी.

१८ ऑगस्ट, रविवार

महिनाभराने ताडपत्री काढली. एक एक करून सांगतो.

चालकाच्या दाराचं रेक्झिन खालच्या कोपऱ्यातून सुटून लोंबतंय. ओढलं तर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं सबंध निघालं. सोल्युशनचा थर बोर्डावर एक, रेक्झिनवर एक, आणि दोघांची ओळखसुद्धा झालेली नाही. तो पांढुरका थर म्हणजे पाणी होतं. सोल्युशनमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो. वरून पुसलं तरी आत मुरलेलं राहतंच.

प्रवाशाच्या दारावर रेक्झिन चिकटलेलं आहे, पण हार्डबोर्डच पाणी पिऊन होडीसारखा वाकला. दार लावलं की मधोमध पोट काढतो.

सीटवर बुरशी. हिरवट-पांढरी, केसाळ, आणि जिथे खोबरेल जास्त चोळलं होतं तिथे जास्त. बोटांचे फराटे दिसत होते, बुरशीत उमटलेले माझेच हात. बाबा पाहून गेले, काही बोलले नाहीत. चांगलं जेवायला घातलं होतं आपण तिला.

चुकांभोवती गंज. आठ आठवड्यांत. चामड्यावर अजून उतरलेला नाही, पण रस्त्यात आहे.

चामडं स्पिरिट आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसलं, सावलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवलं. उन्हात ठेवायचा मोह होतो, पण चामडं कडक होतं, आणि ऊन होतंच कुठे. बुरशी गेली, वास राहिला. उश्या घरातल्या कपाटात नेल्या आणि खालच्या खणात ४० वॉटचा साधा बल्ब दिवसरात्र चालू ठेवला, चामड्यापासून हातभर लांब. लग्नातले शालू आणि एमजीच्या उश्या एकाच कपाटात. हिने फक्त एवढंच विचारलं, चवथीच्या आधी निघणार का?

७ सप्टेंबर

चवथ. निघाल्या नाहीत. शेडमध्ये माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान, गाडीच्या बॉनेटवर नारळाच्या पेंडी आणि सुपाऱ्यांचे घोस. महिनाभर हात लावलेला नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

दसरा होऊन आठवडा झाला. दुपारी कोरडं ऊन. सोल्युशन बारा मिनिटांत सुकलं, बोटाला काही लागलं नाही, पांढुरकं काही नाही. दोन्ही पॅनेलं दोन तासांत. हेच काम जुलैत एक अख्खा रविवार घेऊन वाया गेलं होतं.

या खेपेला हार्डबोर्ड नाही, ४ मिमी मरीन प्लाय. गाडीत मुळात प्लाय नसलं तर नसो. मागची बाजू आणि कडा वॉर्निशने बंद केल्या. अस्सलपणावर बोलणारे लोक असतात, त्यांनी एक जुलै डिचोलीत काढावा.

लोखंडी चुका एकेक करून उपटल्या, १४० भरल्या. तांब्याच्या चुका फर्निचरच्या दुकानांत मिळत नाहीत. लाकडी होड्यांना तांब्याचे खिळे लागतात हे आठवलं. मालीम जेटीजवळच्या एका दुकानात बारीक मापाच्या मिळाल्या, पाव किलो ₹४८०. तांब्याची चूक मऊ असते, हातोडा तिरका पडला की मुडपते. म्हणून आधी आरीने भोक पाडायचं, मग ठोकायची.

पिशव्या उघडल्या. चिठ्ठ्या झुरळांनी खाल्लेल्या. एका पिशवीत फक्त ‘उज’ एवढं उरलंय. उजवं काय? कोणता स्क्रू कुठला हे फोटो मोठे करून करून शोधण्यात एक रविवार आणि दोन रात्री गेल्या. पिशवीवर बाहेरून परमनंट मार्करने लिहा.

१७ नोव्हेंबर, रविवार

डॅशबोर्ड. फळी जुनीच, वाळवीने इथे तोंड लावलेलं नाही. जुनं रेक्झिन सोलून नवं ताणलं. भोकांच्या जागी आधी केंद्रातून चिरा द्यायच्या आणि पाकळ्या मागे दुमडायच्या, सबंध गोल कापायचा नाही. हेअर ड्रायरने गरम केलं की रेक्झिन कडेवरून मुकाट्याने वळतं. सात भोकं नीट झाली. आठव्याला, स्टार्टरच्या ओढायच्या नॉबला, घाई केली आणि चीर ३ मिमी बाहेर गेली. नॉबच्या चकतीखाली ती झाकत नाही. तशीच ठेवली आहे. बसल्यावर पहिली नजर तिथेच जाते, निदान माझी.

तारा जोडताना बॅटरी सोडवलेली होती. धन टोक आधी.

१५ डिसेंबर, रविवार

कार्पेट. खाली घालतात तो तागाचा नमदा घातला नाही, तो म्हणजे पावसाळ्यात पाण्याचा साठा. कार्पेट टिचबटणांनी बसवलं, म्हणजे उचलून वाळत घालता येतं. बटणं आधी फळीत ठोकायची, मग कार्पेट अंथरून वरून दाबायचं, खाली उमटलेल्या खुणेवर वरचं बटण. मी उलट केलं. चार बटणं फळीत वाया.

विचारतात म्हणून खर्च: प्लाय दोन्ही वेळचं ₹५,१५०, चामडं ₹५,९८०, रेक्झिन नऊ मीटर ₹३,७८०, फोम आणि स्प्रिंगा ₹२,३००, शिलाई ₹४,५००, कार्पेट ₹३,२००, सोल्युशन, इपॉक्सी, थिनर, वॉर्निश मिळून ₹२,९००, चुका-बटणं-पाने ₹१,३५०, आईच्या मशीनची दुरुस्ती ₹८५०. एकूण ₹३०,०१०. यातले सात-साडेसात हजार निव्वळ दुसऱ्यांदा करण्याचे. परदेशातून कापून शिवून तयार संच येतो, त्याचा भाव जकातीसकट सव्वा लाखाच्या वर सांगितला होता. तो संचही जुलैत चिकटवला असता तर सुटलाच असता.

रविवार मोजले, एकवीस.

१२ जानेवारी २०२५, रविवार

सगळं बसवलं. बाबांना मये तळ्यापर्यंत नेलं. जाताना मी चालवली, ते शेजारी, पॅनेलवरून हात फिरवत. खोबरेलाचा विषय दोघांनीही काढला नाही.

येताना ते म्हणाले, दे जरा. बसले, आणि पाय आत घेताना गुडघा स्टीअरिंगला अडकला. खाली उतरून, उशी दाबून परत बसले, परत अडकला. चालकाची उशी प्रवाशाच्या उशीपेक्षा जवळजवळ एक इंच उंच आहे. मी उंचीने कमी, मला कळलंच नव्हतं. ४० डेन्सिटीचा दोन इंची फोम, तो काही बसून बसून खाली जाणारा नव्हे.

मीच परत चालवत आणली. उशी उघडायची आहे, खालच्या कडेच्या ३८ चुका काढून. फेब्रुवारीत, हवा कोरडी आहे तोवर.